अनेक शाळांची एक वही
(नभोवाणीवरील भाषण)

शाळेंतील शास्त्राचा प्रयोग म्हटला म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक बंद खोली उभी राहते. भिंतीशीं कांचेचें कपाट, टेबलावर स्पिरिटचा दिवा, भोंवतीं पांच-सहा मुलें आणि प्रत्येकाच्या हातांत प्रयोगाची वही. उत्तर काय यावयाचें तें पुस्तकांत आधींच छापलेलें असतें. ज्याचें उत्तर त्या आंकड्याशीं जुळतें त्याला गुण मिळतात. ज्याचें जुळत नाहीं तो शेजाऱ्याच्या वहींत डोकावतो. या रीतीनें कित्येक पिढ्या शास्त्र शिकल्या, आणि त्यांतूनही चांगले शास्त्रज्ञ निघाले, हें कबूल केलें पाहिजे. पण या रीतींत एक गोष्ट मुलाला कधींच शिकावयास मिळत नाहीं. आपण घेतलेलें माप दुसऱ्या कोणाला हवें आहे, तें चुकलें तर त्या दुसऱ्याचेंही गणित चुकेल, ही जाणीव त्याला होत नाहीं. त्याच्या वहीला वाचक एकच, आणि तोही लाल पेन्सिल घेऊन बसलेला.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो या उणिवेशीं निगडित आहे. संगणक आणि आंतरजाल यांच्या साह्यानें आतां निरनिराळ्या गांवच्या शाळा एकच प्रश्न हातीं घेऊं शकतात, एकाच पद्धतीनें मापें घेऊं शकतात, आणि तीं सर्व मापें एका सामाईक तक्त्यांत लिहूं शकतात. वही एक, लिहिणारे हात अनेक, आणि वाचावयास सर्वांना मोकळीक. अशा कामाचें मोल काय, तें कसें करावें, आणि नवी मुंबईसारख्या शहरांतील शाळांना त्याचा उपयोग कसा होईल, याचा थोडा विचार आपण करूं.

ही कल्पना संगणकाच्या युगांतच जन्मली असा समज होणें साहजिक आहे. वस्तुतः ती पुष्कळ जुनी आहे. जर्मनींतील गटिंगेन येथें गाउस व वेबर या दोन शास्त्रज्ञांनीं १८३६ ते १८४१ या काळांत एक चुंबकीय संघ चालविला. पृथ्वीच्या चुंबकत्वांत क्षणोक्षणीं होणारे बदल एका ठिकाणीं बसून उमगणार नाहींत, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून ठरलेल्या दिवशीं, सर्वांनीं गटिंगेनच्याच घड्याळाप्रमाणें, चोवीस तासपर्यंत दर पांच मिनिटांनीं चुंबकाची सूची कोठें आहे तें पाहून लिहावें, असा नेम त्यांनीं घालून दिला. वेधशाळा निरनिराळ्या देशांत. पण घड्याळ एक आणि रीत एक.

या साखळीचा एक दुवा आपल्या मुंबईंत होता. ईस्ट इंडिया कंपनीची कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं उभी राहिली, ती आकाशाचे वेध घ्यावे व जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. चुंबकीय नोंदींस तेथें १८४१ सालीं प्रारंभ झाला, आणि तो जगभर चाललेल्या या सामाईक उद्योगाचाच एक भाग होता. ज्यांच्यापाशीं पुढें लोकमान्य टिळक गणित शिकले, ते केरूनाना छत्रे तरुणपणीं याच वेधशाळेंत नोकरीस होते. म्हणजे अनेक ठिकाणच्या मापांची एक वही करण्याच्या या विद्येशीं महाराष्ट्राचा परिचय अगदीं पहिल्या दिवसांपासूनचा आहे.

त्या वहीचें फळ काय मिळालें तें ऐकण्यासारखें आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन या ज्योतिर्विदानें सूर्यबिंबावर प्रखर तेजाचा एक भडका पाहिला. त्यानंतर एक दिवस लोटतो न लोटतो तोंच पृथ्वीला एका प्रचंड चुंबकीय वादळानें घेरलें. युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रें बिघडलीं. कुलाब्यास जे वेध घेत होते त्यांना सूर्यावरील त्या भडक्याची वार्ता नव्हती. सूची अशी कां उसळते आहे हें सांगणारें पुस्तकही त्यांच्यापाशीं नव्हतें. त्यांनीं एवढेंच केलें कीं सूची जेथें दिसली तेथें ती लिहिली, आणि वादळाचा जोर दिसतांच अधिक थोड्या अंतरानें लिहूं लागले. आडव्या चुंबकीय बलांत सुमारें १,६०० नॅनोटेस्लांची घट त्या नोंदींत दिसते. एकशें चव्वेचाळीस वर्षांनीं, म्हणजे २००३ सालीं, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं परदेशांतील सहकाऱ्यांसह जो निबंध प्रसिद्ध केला त्याचा आधार ह्याच नोंदी होत्या, आणि तें वादळ किती मोठें होतें याचा अंदाज जगाला त्यांवरून बांधतां आला. आज विजेचें जाळें आणि आकाशांतले उपग्रह अशा वादळापासून कसे वांचवावे याचा विचार करणारे अभियंते त्या आंकड्याकडे वळून पाहतात. लिहिणाऱ्यांनीं तो आंकडा चुकीचा समजून खोडला असता, किंवा आदल्या दिवशींच्या आंकड्याशीं जुळवून घेतला असता, तर आज आपल्या हातीं कांहींच उरलें नसतें.

या गोष्टीचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. मुंबईंत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्या विजेच्या प्रवाहानें कुलाब्याचीं चुंबकीय मापें दूषित होणार हें स्पष्ट झालें. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनीं खाडीपलीकडे अलिबाग हें ठिकाण निवडलें, आणि १९०४ सालीं तेथें चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. परंतु कुलाब्याचीं यंत्रें लगेच बंद केलीं नाहींत. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मापें घेऊन, जुन्या आणि नव्या आंकड्यांत किती अंतर पडतें हें नीट ठरविलें, आणि मगच कुलाब्याची वही मिटली. यामुळें १८४६ पासूनच्या नोंदींची मालिका तुटली नाहीं. हा वारसा जिच्याकडे आला ती भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेल येथें आहे. नवी मुंबईच्या शाळांनीं सामाईक नोंदींचा धडा शोधण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. तो त्यांच्या शेजारींच आहे.

आतां शाळांकडे वळूं. मुलांनीं घेतलेलीं मापें एकत्र करण्याचा मोठा प्रयत्न 'ग्लोब' या नांवानें १९९५ सालीं अमेरिकेंत सुरू झाला. भारत त्यांत २००० सालीं सामील झाला. हवेचें उष्णमान, पाऊस, ढग, माती, पाणी यांचीं मापें कशीं घ्यावीं हें तेथें बारकाईनें ठरवून दिलेलें आहे, आणि शंभराहून अधिक देशांतील शाळांच्या नोंदी कोणालाही पाहण्यास खुल्या आहेत. आपल्या देशांत 'सीझनवॉच' या उपक्रमांत मुलें एखादें झाड आपलें म्हणून निवडतात आणि दर आठवड्यास त्याला पानें, फुलें, फळें कितपत आहेत तें लिहितात. केरळांतील शाळांनीं या कामीं मोठा वांटा उचलला आहे. विषूच्या सणाला जो बहावा फुललेला असावा अशी तेथें पिढ्यान्‌पिढ्यांची अपेक्षा, तो अलीकडे वेळेआधींच फुलूं लागला आहे काय, हा प्रश्न एका झाडाकडे पाहून सुटत नाहीं. त्यासाठीं हजारों झाडांची अनेक वर्षांची वही लागते. वाशीची खाडी ओलांडली कीं मानखुर्द लागतें. तेथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें 'क्यूब' या नांवानें जें काम उभारलें त्यांत निरनिराळ्या ठिकाणचे विद्यार्थी फळमाशी, गांडूळ, डॅफ्निया अशा साध्या जीवांवर अल्प खर्चाचे प्रयोग करीत आणि आपले अनुभव आंतरजालावर एकमेकांपुढें मांडून त्यांची छाननी करीत. यंत्र महाग असलेंच पाहिजे असें नाहीं, हा या सर्वांचा समान अनुभव आहे.

परंतु हें काम दूरच्या मोठ्या संस्थेनें आंखून द्यावें आणि आपण फक्त आंकडे भरावे, एवढ्यानें शास्त्र शिकल्याचें समाधान मिळत नाहीं. म्हणून दोन उदाहरणें मी जरा विस्तारानें सांगतों. पहिलें दोन शाळांना पुरणारें आहे. दुसरें एका सबंध शहराला.

पहिलें उदाहरण पृथ्वीचा परीघ मोजण्याचें. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत एराटोस्थेनीस यानें इजिप्तमधील दोन गांवांच्या माध्यान्हीच्या सावल्यांवरून हा परीघ काढला, हें आपण पुस्तकांत वाचतों. तोच प्रयोग दोन शाळांना २१ मार्चच्या सुमारास करतां येतो. समजा, एक शाळा नेरूळची आणि एक दिल्लीची. दोघींनीं एक मीटर उंचीची काठी ओळंब्यानें सरळ उभी करावी आणि माध्यान्हीची, म्हणजे दिवसांतली सर्वांत आंखूड सावली मोजावी. नेरूळला ती सुमारें साडेचौतीस सेंटिमीटर भरेल, दिल्लीला सुमारें साडेचौपन्न. त्यांवरून सूर्याचे कोन निघतात: एकोणीस अंश आणि अठ्ठावीस पूर्णांक सहा दशांश अंश. अंतर नऊ पूर्णांक सहा दशांश अंशांचें. तीनशें साठ अंशांत असे साडेसदतीस भाग बसतात. दोन्ही गांवांमधील दक्षिणोत्तर अंतर सुमारें १,०६० किलोमीटर. त्याला साडेसदतिसांनीं गुणिलें कीं ३९,७५० किलोमीटर येतात. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे. एका काठीनें आणि एका पत्रव्यवहारानें एवढें साधतें!

पण खरें शिक्षण या उत्तरांत नसून तें मिळवितांना येणाऱ्या अडचणींत आहे. पहिली अडचण घड्याळाची. बाराचा ठोका पडला म्हणजे माध्यान्ह झाली, असें मुलें समजतात. आपलें प्रमाणवेळेचें घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलें; नवी मुंबई त्र्याहत्तर रेखांशावर. म्हणून मार्चांत येथें माध्यान्ह पावणेएकाच्या सुमारास होते, तर दिल्लीस साडेबाराच्या सुमारास. दोन्ही शाळांनीं घड्याळाचा एकच क्षण पकडला तर उत्तर बिघडेल. प्रत्येकीनें आपापली आंखूड सावली पकडली पाहिजे. गाउसच्या संघाला एकच घड्याळ हवें होतें, कारण तेथें सबंध पृथ्वीवर एकदम होणारा बदल पाहावयाचा होता. येथें मात्र प्रत्येकाला आपलें आकाशच घड्याळ. एकाच पद्धतीचा अर्थ प्रश्नानुसार बदलतो, हें मुलाला यांतून कळतें.

दुसरी अडचण अंतराची. कोणी तरी हुशार मुलगा रेल्वेच्या वेळापत्रकांतून मुंबई-दिल्ली अंतर काढून आणील. तें सुमारें १,३८० किलोमीटर आहे. त्यानें गुणिलें तर पृथ्वीचा परीघ बावन्न हजार किलोमीटरांच्या घरांत जातो. आगगाडी सरळ उत्तरेस जात नाहीं, ती वळणें घेते आणि पूर्वेकडेही सरकते, हें नकाशा पसरल्यावर त्याच्या ध्यानांत येतें, आणि अक्षांश-रेखांशांचा जो पाठ त्यानें कंटाळत घोकला होता त्याला एकाएकीं अर्थ येतो. तिसरी अडचण मापाच्या बारकाव्याची. सावलीची कड अंधुक असते. अर्ध्या सेंटिमीटरची चूक सहज होते, आणि तेवढ्या चुकीनें परिघांत हजार किलोमीटरांहून अधिक फरक पडतो. मग दोनाऐवजीं दहा शाळांनीं मापें घेतलीं तर? चुका कांहीं या बाजूच्या, कांहीं त्या बाजूच्या होतात, आणि सर्वांचें मिळून उत्तर एकट्या-दुकट्यापेक्षां भरंवशाचें ठरतें. सरासरी म्हणजे काय हें फळ्यावर सांगून जें समजत नाहीं तें येथें अनुभवास येतें.

या जोडीला आपल्याकडे एक गमतीची गोष्ट आहे. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहींशी होण्याचा दिवस महाराष्ट्रांतील प्रत्येक गांवीं वर्षांतून दोनदां येतो. नवी मुंबईंत एकदां तो मेच्या मध्यास येतो, तेव्हां शाळांना सुट्टी असते. आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस येतो, तेव्हां सूर्याला ढगांची सुट्टी असते. म्हणून वेळापत्रक आंखणाऱ्या शिक्षकानें मार्चचा दिवस धरावा हें बरें. तो परीक्षेच्या तोंडावर येतो खरा, पण आकाश स्वच्छ असतें.

दुसरें उदाहरण पावसाचें. २६ जुलै २००५ या दिवसाची आठवण मुंबईकरांना करून द्यावयास नको. त्या दिवशींच्या चोवीस तासांत सांताक्रुझ येथील वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि कुलाब्याच्या वेधशाळेंत ७३. दोन्ही वेधशाळा एकाच शहराच्या. त्यांमधील अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आंत. दोन्ही नोंदी बिनचूक. मुंबईंत त्या दिवशीं किती पाऊस पडला, या प्रश्नाला यांतलें कोणतें उत्तर खरें समजावें? खरें उत्तर असें कीं प्रश्नच चुकीचा आहे. पाऊस शहरावर पडत नाहीं, तो जागोजागीं निरनिराळा पडतो. आणि जागोजागीं मोजणारे डोळे असल्याखेरीज तो कळत नाहीं.

नवी मुंबईची ठेवण लक्षांत घ्या. पश्चिमेस ठाण्याची खाडी, पूर्वेस पारसिकचा डोंगर, आणि मध्यें दिघा-ऐरोलीपासून घणसोली, कोपरखैरणें, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूरपर्यंत उभी पसरलेली वस्ती. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकांठची सखल जमीन भरून हें शहर वसविण्यांत आलें. मोठ्या भरतीच्या वेळीं खाडीचें पाणी शहरांतल्या कित्येक भागांपेक्षां उंच चढतें. म्हणून तें बाहेर अडविण्याची आणि पावसाचें पाणी आंत कांहीं काळ सांठविण्याची योजना धारण तलावांच्या रूपानें केलेली आहे. तेव्हां कोणत्या उपनगरांत किती पाऊस पडला, तो भरतीच्या वेळीं पडला कीं ओहोटीच्या, आणि रस्त्यावर पाणी कोठें सांचलें, हे प्रश्न येथील मुलांना पुस्तकी नाहींत. शाळेच्या वाटेवर गुडघाभर पाणी असतें कीं नसतें, एवढा त्यांचा त्यांच्याशीं संबंध आहे.

या शहरांतील वीस-पंचवीस शाळांनीं, महानगरपालिकेच्या आणि खाजगी अशा दोन्ही प्रकारच्या, जून ते सप्टेंबर रोज पाऊस मोजून एका तक्त्यांत लिहावयाचें ठरविलें तर खर्च जवळजवळ नाहींच. सरळ कडांची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तिचा गळा कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा, तळाचा खोलगट भाग वाळू व पाणी घालून सपाट रेषेपर्यंत भरावा, आणि बाहेरून पट्टी चिकटवावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरावर एक लिटर पाणी. पन्नास मीटर लांब व चाळीस मीटर रुंद अशा शाळेच्या पटांगणावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी झालें. हा हिशोब एकदां मुलांनीं केला म्हणजे पाणी सांठविण्याविषयीं भिंतीवर लिहिलेलीं सुवचनें त्यांना वेगळीं सांगावीं लागत नाहींत.

मात्र नियम कडक हवेत. बाटली भिंतीपासून व झाडापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट दूर असावी. गच्चीवर वारा पाऊस उडवून नेतो, तेव्हां पटांगण बरें. नोंदीची वेळ सकाळीं साडेआठची असावी, कारण सरकारी वेधशाळेचा पावसाचा दिवसही त्याच वेळीं संपतो आणि मग आपल्या आंकड्यांची तिच्या आंकड्यांशीं तुलना करतां येते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, सर्व शाळांनीं आपापल्या बाटल्या आधीं एकाच पटांगणावर शेजारीं-शेजारीं ठेवून दोन-चार पाऊस मोजून पाहावे. कोणाची बाटली जास्त दाखविते, कोणाची कमी, हें तेव्हांच कळेल. हीच ती अलिबागची रीत: वेगळें होण्यापूर्वीं कांहीं दिवस एकत्र मोजणें.

आतां मी ज्याला या सर्वांचें मर्म समजतों तें सांगतों. रविवारीं शाळा बंद असते. सोमवारीं सकाळीं बाटलींत चाळीस मिलिमीटर पाणी दिसलें. मुलगा काय लिहील? आपल्या सध्याच्या संवयीप्रमाणें तो रविवारीं वीस आणि सोमवारीं वीस असें लिहून मोकळा होईल. तक्ता पूर्ण दिसेल आणि शिक्षकही खूष होतील. पण तो आंकडा खोटा आहे. तेथें 'दोन दिवसांचे मिळून चाळीस' असेंच लिहिलें पाहिजे. तसेंच, एखाद्या दिवशीं कोणी पाहिलेंच नाहीं तर त्या घरांत शून्य लिहितां कामा नये; तें घर रिकामें ठेवलें पाहिजे. शून्य म्हणजे 'मीं पाहिलें, आणि पाऊस नव्हता.' रिकामें घर म्हणजे 'मीं पाहिलें नाहीं.' या दोन वाक्यांत जो भेद आहे तो ज्या मुलाला कळला त्याला शास्त्रांतील अर्धा प्रामाणिकपणा कळला. रिकाम्या घराबद्दल त्याचे गुण कापूं नयेत, एवढी एकच गोष्ट शिक्षकांनीं पाळली तरी या उपक्रमाचा पाया भक्कम होईल.

यांतूनच दुसरा एक संस्कार घडतो. समजा, सर्व शाळांनीं तीस ते चाळीसच्या दरम्यान आंकडे लिहिले, आणि डोंगराच्या पायथ्याच्या एका शाळेनें पंच्याऐंशी लिहिले. सामाईक वहीचे सर्वांत मोलाचे क्षण असे असतात. त्या शाळेच्या मुलांनीं लाजून आंकडा बदलूं नये, आणि इतरांनींही त्यांना हंसूं नये. बाटलींत गच्चीची पन्हळ तर गळत नाहीं ना, वाचतांना पट्टी उलटी तर धरली नाहीं ना, हें आधीं तपासावें. सर्व ठीक असेल तर मग खरोखर तेथें जास्त पाऊस पडला काय, डोंगरानें ढग अडविले काय, हा विचार करावा, आणि पुढच्या पावसाकडे अधिक लक्ष द्यावें. चूक सांपडलीच तर जुना आंकडा पुसून टाकूं नये. त्यावर रेघ मारून तो वाचतां येईल असा ठेवावा आणि शेजारीं नवा लिहून कारण द्यावें. संगणकाच्या तक्त्यांत पुसणें फार सोपें आहे, म्हणून तेथें हा नियम अधिकच जपला पाहिजे.

या कल्पनेवर घेतले जाणारे आक्षेप आतां थोडक्यांत पाहूं. पहिला, अभ्यासक्रम संपवावयास वेळ पुरत नाहीं, त्यांत हें नवें ओझें कशाला? पाऊस मोजण्यास रोज पांच मिनिटें पुरतात. आणि क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी, आलेख, अक्षांश, भरती-ओहोटी हे सारे विषय अभ्यासक्रमांतलेच आहेत. दुसरा आक्षेप असा, कीं मुलांच्या मापांवर विश्वास कोण ठेवील? एका मुलाच्या एका मापावर ठेवूं नये हें बरोबर. पण पंचवीस शाळांचीं, एकाच रीतीनें, चार महिने घेतलेलीं मापें एकमेकांची साक्ष देतात. खोटी साक्ष त्यांत फार काळ टिकत नाहीं. तिसरा, आपोआप मोजणारीं यंत्रें आज मिळतात, मग मुलांनीं बाटल्या कां मांडाव्या? यंत्रें अवश्य असावींत. परंतु ज्यानें स्वतः एकदां माप घेतलें नाहीं त्याला यंत्राच्या आंकड्यावर केव्हां शंका घ्यावी हें कळत नाहीं. आणि पुढच्या काळांत आंकड्यांचा पूर जसजसा वाढेल तसतशी ही शंका घेण्याची शक्तीच माणसाला तारील.

चौथा आक्षेप मात्र गंभीर आहे. सर्व शाळा सारख्या संपन्न नाहींत. एकीकडे प्रत्येक मुलापाशीं संगणक, तर दुसरीकडे सबंध वर्गाला शिक्षकांचा एक मोबाइल. अशा स्थितींत एकत्र काम म्हणजे श्रीमंत शाळेनें विचार करावा आणि गरीब शाळेनें आंकडे पुरवावे, असें होण्याची भीति खरी आहे. त्यावर उपाय असा कीं वाचनाचा आणि अर्थ लावण्याचा हक्क आळीपाळीनें सर्वांकडे जावा. या महिन्याचा आलेख ऐरोलीच्या शाळेनें काढावा, पुढच्या महिन्याचा बेलापूरच्या. एका मोबाइलवरून आंकडे पाठवितां येतात आणि आलेख कागदावरही सुरेख निघतो. कोऱ्या कागदाला शाळेची श्रीमंती ठाऊक नसते. आणखी एक पथ्य पाळावें. सर्वांना खुल्या असलेल्या तक्त्यांत शाळेचें नांव, ठिकाण, वेळ आणि माप एवढेंच जावें; मुलांचीं नांवें, चेहरे, घरचे पत्ते जाऊं नयेत. मोजणाऱ्याची सही शाळेंतल्या वहींत असली म्हणजे पुरे.

पाऊस हा केवळ प्रारंभ होय. ज्या शहराच्या खाडींत हिवाळ्यापासून फ्लेमिंगोंचे, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्यांचे, थवे उतरतात, आणि जेथील खाडीचा भाग २०१५ सालीं अभयारण्य व २०२२ सालीं रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाला, तेथील शाळांना मोजण्यासारखें पुष्कळ आहे. पक्षी केव्हां आले, केव्हां गेले, तलावांत पाणी होतें कीं नव्हतें, रस्त्याकडेचा बहावा कोणत्या आठवड्यांत फुलला, हें सारें दहा वर्षें सलग लिहून ठेवलें तर पुढें शहराच्या पाणथळ जागांविषयीं वाद उपस्थित होतील तेव्हां भावनेबरोबर पुरावाही बोलूं शकेल. तो पुरावा कोणाच्या बाजूचा निघेल हें आज सांगतां येणार नाहीं, आणि सांगूंही नये. तो खरा असावा एवढाच आग्रह धरावा.

एक वर्ष उत्साहानें चालून दुसऱ्या वर्षीं बंद पडणें हा आपल्याकडील उपक्रमांचा नेहमींचा रोग आहे. त्यावर एकच औषध: काम लहान ठेवावें आणि सोडूं नये. आठवीच्या मुलांनीं नववींत जातांना वही नव्या आठवीच्या हातीं द्यावी, पट्टी कशी वाचावी तें त्यांना दाखवावें, आणि दोन्ही वर्गांनीं एक आठवडा मिळून मापें घ्यावीं. शिक्षक बदलले तरी वही राहावी. शहरांतील मुख्याध्यापकांनीं व विज्ञान-शिक्षकांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं एकदां एकत्र बसून वेळ, बाटली आणि तक्त्याचे रकाने एवढें ठरविलें तरी आरंभास पुरेसें आहे. मृगाची पहिली सर कांहीं कोणाची वाट पाहत नाहीं. तिच्या आधीं बाटल्या पटांगणावर मांडलेल्या असाव्यात.